खुबा मोडल्यावर 'हाड लवकर भरायची' औषधं: कोणती खरंच लागतात?

डिचोलकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आई ७८ वर्षांची. मधुमेह आहे, बाकी तब्येत बरी. चवथीच्या तयारीत अंगणात ये-जा चालू होती, चिऱ्यांवर शेवाळ धरलेलं, पाय सरकला आणि उजवा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आता घरी आहे. वॉकर धरून सोप्यापर्यंत येते आणि स्वयंपाकघरात जाऊ देत नाही म्हणून सगळ्यांवर डाफरते, म्हणजे सुधारतेय असं समजायचं.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर कॅल्शियमच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी आणि पोटात टोचायची इंजेक्शनं आहेत. शिवाय 'वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध, पुढच्या भेटीत बघू' असंही लिहिलंय. इंजेक्शन कशासाठी म्हणून विचारलं तर "हाड लवकर भरेल" एवढंच उत्तर मिळालं. खर्च बराच आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो पैशाचं बघू नको, घे. वाड्यावरचे एकजण रोज हाडजोडीची वेल आणून देतात. आईचं मत विचाराल तर तिला काहीच नको, फक्त चहा हवा.

ह्यातलं हाड भरायला खरोखर काय उपयोगी पडतं? अनुभवी लोकांनी आणि इथल्या डॉक्टरमंडळींनी सांगावं.

फोंडेकरीण

घ्याच ते इंजेक्शन. माझ्या सासूबाईंना गेल्या पावसाळ्यात हेच झालं होतं. रोजचं पेनवालं इंजेक्शन चालू केलं आणि दिवाळीला त्या काठी टेकत देवळात गेल्या. एक्स-रेमध्ये हाड छान जुळलेलं दिसलं. महाग आहे खरं, पण आईपेक्षा काय महाग!

तात्या_सत्तरीकर

मी ह्या प्रकारातून गेलेला माणूस आहे. डावा खुबा, आत सळी आहे. हाडजोड मीही खाल्ली. वेलीचे कोवळे पेर घ्यायचे, घशाला खाज येते म्हणून तुपात परतून. नाचणीचं तिझान रोज सकाळी. आज मी कुळागरात जातो. इंग्रजी औषधांच्या नादी किती लागायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

हाडाचा_माणूस

डिचोलकर, उत्तर देण्याआधी दोन गोष्टी सांगा.

आईच्या खुब्यात नक्की काय बसवलंय? सळी घालून मोडलेलं हाड जोडलंय, की मोडका गोळा काढून नवा धातूचा गोळा बसवलाय? घरी सोडतानाच्या कागदावर लिहिलेलं असतं, एक्स-रेवरही चटकन कळतं.

आणि पोटातली इंजेक्शनं एकाच प्रकारची आहेत की दोन? ह्या ऑपरेशननंतर रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून काही आठवडे पोटात इंजेक्शन देतात. त्याचा हाड भरण्याशी काही संबंध नसतो. पण दोन्ही पोटातच टोचतात, त्यामुळे घरोघरी गोंधळ होतो. गाठींचं इंजेक्शन महाग आहे म्हणून कृपा करून मनाने बंद करू नका.

डिचोलकर

कागद काढून बघितला. गोळा बदललाय, सिमेंट वापरून. इंजेक्शनं दोन आहेत. एक भरलेली सिरिंज, ती आणखी थोडे दिवस. दुसरं पेन, टेरिपॅराटाइड, २० मायक्रोग्रॅम रोज. फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलंय, अजून उघडलेलं नाही.

हाडाचा_माणूस

मग मूळ प्रश्नच बदलला. जरा लांबण लागेल, पण लिहितो.

म्हातारपणी खुबा मोडतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. एक, मांडीच्या हाडाच्या मानेत, गोळ्याच्या अगदी खाली. तिथे मोडून हाड सरकलं की गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो, जुळायची खात्री राहत नाही. म्हणून वयस्कर माणसात मोडका गोळा काढून नवा बसवतात आणि लगेच उभं करतात. दुसरी जागा त्याच्या खाली, जिथे मांडीच्या हाडाला दोन उंचवटे असतात. तिथे रक्त भरपूर, हाड जुळतं, फक्त ते जागेवर धरून ठेवायला सळी आणि स्क्रू लागतात. तात्यांचं हे दुसरं. सळीवर जुळलं असेल तर फोंडेकरणींच्या सासूबाईंचंही तेच असणार.

डिचोलकर, तुमच्या आईचं मोडलेलं हाड काढून टाकलंय. तिच्या खुब्यात आता जुळायचं असं काही शिल्लक नाही. सिमेंट पहिल्या दिवशीच घट्ट झालं. भरायचंय ते स्नायू, जखम आणि तिचा धीर. "हाड लवकर भरेल" हे कारण तुमच्या बाबतीत लागूच होत नाही.

बरं, जिथे सळी असते तिथे तरी हे औषध जुळणी लवकर घडवतं का? टेरिपॅराटाइड म्हणजे आपल्या पॅराथायरॉइड संप्रेरकाचा पहिला तुकडा. रोज थोडं दिलं की हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. अमेरिकेत २००२ मध्ये हाडं ठिसूळ होण्यावर त्याला मान्यता मिळाली, हाड जोडण्यासाठी मिळालेली नाही. मनगटाच्या फ्रॅक्चरवरचा २०१० चा अभ्यास लोक नेहमी पुढे करतात. त्यात २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांचं हाड साधारण ७.४ आठवड्यांत जुळलं, नुसतं पाणी टोचलेल्यांचं ९.१ आठवड्यांत. गंमत अशी की ४० मायक्रोग्रॅमवाल्यांना म्हणण्यासारखा फायदा झाला नाही, आणि अभ्यास मुळात त्या ४० साठी आखलेला होता! खुब्याच्या मानेला स्क्रू घातलेल्या लोकांवरही चाचण्या झाल्या. ठरवले त्याच्या फार थोडे रुग्ण मिळाले म्हणून त्या लवकर थांबवाव्या लागल्या, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. रोमोसोझुमॅब हे त्याहून नवं आणि महाग औषध. खुब्याच्या ३३२ रुग्णांवर दिलं, २०२० मध्ये निकाल आला. हाड जुळण्यात आणि चालण्यात काही फरक नाही.

थोडक्यात, खुब्याचं मोडलेलं हाड लवकर जुळवून देतं असं पक्कं सिद्ध झालेलं औषध आज बाजारात नाही. ज्याला सळी बसते त्याचं हाड बहुतेक वेळा तीनेक महिन्यांत आपलं आपण जुळतं. सासूबाईंचंही जुळलंच असतं.

फोंडेकरीण

म्हणजे आम्ही एवढे पैसे पाण्यात घातले?

हाडाचा_माणूस

अजिबात नाही. कारण चुकीचं सांगितलं गेलं, औषध वाया गेलं नाही. सासूबाईंना मणक्याचं फ्रॅक्चर आधी झालं होतं का? कुबड आलंय? हाडं फारच पोकळ असतील तर टेरिपॅराटाइड उत्तम. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात ते आणि रिसेड्रोनेट (हाडांची झीज थोपवणारी गोळी) ह्यांची तुलना झाली. टेरिपॅराटाइड घेणाऱ्या स्त्रियांत मणक्याची नवी फ्रॅक्चर निम्म्याहून कमी. फक्त ते साधारण दोन वर्षांपर्यंतच देतात आणि थांबवल्यावर दुसरं औषध चालू करावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड उतरतं. हे तुम्हाला सांगितलं असेल अशी आशा आहे.

फोंडेकरीण

कुबड आहे. पुढचं औषध कोणी सांगितलं नाही. उद्याच फोन करते.

डिचोलकर

डॉक्टर, मग माझ्या आईला काहीच नको का? पेन परत करू?

हाडाचा_माणूस

नको म्हणालो नाही. हाडाचं औषध तिला हवंच, पण ते डाव्या खुब्यासाठी. आणि मणक्यांसाठी, मनगटांसाठी.

उभ्या उंचीवरून पडून ७८ व्या वर्षी खुबा मोडतो तेव्हा हाडं ठिसूळ झालीत हे तिथेच सिद्ध झालं. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) केला तर पुढे तुलनेला बरा, पण त्याच्या निकालाची वाट बघत औषध अडवून ठेवायची गरज नाही. एकदा खुबा मोडलेल्या माणसाचं पुन्हा काहीतरी मोडायची भीती पुढच्या एक-दोन वर्षांत सगळ्यात जास्त. आपल्याकडे ऑपरेशन छान होतं, टाके काढले की सगळे मोकळे होतात, आणि हाडांच्या आजाराचं औषध कुणी चालूच करत नाही. वर्षभराने तोच माणूस दुसऱ्या बाजूने मोडून पुन्हा ओपीडीत. मला ह्या गोष्टीचा इतका वैताग आहे की लिहिताना आवाज चढतो.

तुमच्या कागदावरच्या सगळ्यात शेवटच्या, 'बघू' म्हणून सोडलेल्या औषधाला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. झोलेड्रोनिक आम्ल, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून. २००७ मध्ये खुब्याचं ऑपरेशन झालेल्या २,१२७ लोकांवरचा अभ्यास आला. ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत पहिलं सलाईन. नवं फ्रॅक्चर झालं ते औषधवाल्यांत ८.६ टक्के, बिनऔषधवाल्यांत १३.९ टक्के. मृत्यू ९.६ विरुद्ध १३.३ टक्के. मृत्यू का कमी झाले ह्याचा खल अजून चालू आहे. फ्रॅक्चर टळल्यामुळे त्यातला थोडासाच हिस्सा समजतो.

माड_आणि_मी

एक शंका. ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना थोपवतात ना? मग मोडलेलं हाड जुळायलाही अडथळा येत असेल. माझ्या काकांच्या डॉक्टरांनी ह्याच कारणाने सहा महिने थांबायला सांगितलं होतं.

हाडाचा_माणूस

शंका रास्त आहे, पुष्कळ सर्जन अजूनही असंच मानतात. घर दुरुस्त करताना मोडणारे गडी सुट्टीवर गेले तर बांधणाऱ्या गवंड्याचं काम अडतं का, असा तो प्रश्न. खुब्यात अडलेलं दिसलं नाही. त्याच २००७ च्या अभ्यासात जुळणीला उशीर झालेले लोक औषधवाल्यांत ३.२ टक्के आणि दुसरीकडे २.७, म्हणजे फरक नसल्यातच जमा. मोडलेल्या जागी धरलेला नव्या हाडाचा थर मूळ रूपात यायला थोडा जास्त वेळ लागतो, पण तो भार पेलतो.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे मात्र सलाईन देऊ नये. नंतरच्या विश्लेषणात लवकर दिलेल्यांना फायदा कमी दिसला, दोन आठवड्यांनंतर दिलेल्यांना नीट. सहा महिने थांबण्यात मात्र भीतीचा काळच वाया जातो, आणि तोवर घरचे लोक विसरतात.

गोळीबार

म्हापशात औषधांच्या दुकानात बसतो, म्हणून गिऱ्हाईकांच्या चुका रोज दिसतात. थोडं व्यवहाराचं लिहितो.

झोलेड्रोनिकची ४ मिलिग्रॅमची कुपीही मिळते. ती मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांना काही आठवड्यांच्या अंतराने देतात. वार्षिक म्हणून ५ ची असते. चिठ्ठी नीट वाचून घ्या, आणि ते घरी कुणा ओळखीच्या नर्सकडून घाईत लावून घेऊ नका. किमान १५ मिनिटं सावकाश जायला हवं. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ३५ च्या खाली असेल तर देतच नाहीत. मधुमेही आईचा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ताजा हवा.

ड ची पुडी ६०,००० युनिटची. ती आठवड्याला एक, ठरलेले आठवडे. एकजण ती रोज घेत होते! सगळं एकदम घेतलं तर बरं, असंही नाही. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५,००,००० युनिट देऊन पाहिलं, तर त्या जास्त पडल्या आणि हाडं जास्त मोडली. २०१० ची गोष्ट.

साधं कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत. पण गॅसची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते नीट शोषलं जात नाही, त्यांना सायट्रेट बरं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम ह्यांत चार तासांचं अंतर. आणि झोपेची गोळी! आईला कुणी 'रात्री शांत झोप लागावी' म्हणून देत असेल तर डॉक्टरांना सांगा. रात्री लघवीला उठताना माणूस पडतो तो बऱ्याचदा ह्या गुंगीत.

ज्यांना सलाईन नको त्यांना आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी आहे, स्वस्त आहे. पण सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि अर्धा तास ताठ बसून. चहासोबत घेतली तर फेकून दिल्यासारखीच. नुकतं ऑपरेशन झालेलं, नीट बसता न येणारं माणूस ती घेऊन आडवं झालं तर अन्ननलिका भाजते. म्हणून ह्या रुग्णांत सलाईन सोयीचं.

टेरिपॅराटाइडचं पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं, उघडल्यावर २८ दिवस. गावात पावसात वीज जाते तेव्हा लोक पेन फ्रीझरमध्ये टाकतात. गोठलं की ते गेलं. फ्रिजचं दार बंद ठेवा, बर्फाला चिकटवू नका.

माड_आणि_मी

सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात त्याबद्दल कुणी बोललं नाही, डेनोसुमॅब. वास्कोच्या मावशीला तेच चालू होतं. कोविडच्या काळात दवाखान्यात जायची भीती, तारीख पुढे पुढे गेली. मग पाठीत कळ, आणि एक्स-रेमध्ये मणके दबलेले. तेव्हा कळलं की हे औषध मधेच सोडायचं नसतं.

हाडाचा_माणूस

मावशींच्या बाबतीत वाईट झालं. औषध चांगलं आहे, ६० मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना झोलेड्रोनिकऐवजी उपयोगी. पण त्याचा असर हाडात साठून राहत नाही. डोस चुकला की दाबून ठेवलेली झीज उसळून येते. थांबवायचंच असेल तर मागोमाग दुसरं औषध द्यावं लागतं. डायलिसिसवाल्यांत रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं, २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. ज्या घरात तारखा पाळल्या जात नाहीत तिथे मी हे लिहून देत नाही.

तात्या_सत्तरीकर

डॉक्टर, हाडजोडीवर तुम्ही गप्प बसलात. मुद्दाम?

हाडाचा_माणूस

तात्या, तुमच्याशी भांडायला वेळ काढून यावं लागतं! वेलीवर उंदरांत आणि थोड्या माणसांत छोटे अभ्यास झालेत, काहींत बरे निकाल आहेत. खुबा मोडलेल्या वृद्धांत भरवसा ठेवावा असं काही नाही. डिचोलकरांच्या आईला तर जुळवायचं हाडच नाही, तेव्हा वेलीलाही काम नाही. आवडीने खायची असेल तर माझी हरकत नाही, फक्त मधुमेहाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांसोबत काढे नकोत, आणि तिच्या नावावर सलाईन टाळू नका.

तिझानाला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. काट्यासकट खायचे वेर्ल्यो (बारीक मासे), सुकी सुंगटं (कोळंबी), दूध. शाकाहारी असतील तर डाळी, पनीर. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांचं जेवण तुटतं आणि मांड्या महिन्याभरात वाळतात. त्या मांड्यांवरच पुढचं पडणं-न पडणं अवलंबून असतं. औषधाच्या कागदावर हे कुणी लिहीत नाही.

तात्या_सत्तरीकर

बरं, पटलं. वेल बंद करणार नाही, पण तुमचं सलाईन काय ते विचारून येतो. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आबोली

अवांतर, पण उपयोगी: गोळा बदललाय तर पाटावर जेवायला बसणं, मांडी घालणं आणि बसका संडास पहिले काही महिने बंद ठेवायला सांगतात. आमच्या आजीने चवथीला हट्टाने पाटावर बसून आरती केली आणि आमचा जीव टांगणीला. संडासात कमोडची खुर्ची, न्हाणीघरात धरायला दांडा, आणि अंगणातल्या चिऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून काढा. आमच्याकडे पावसाळाभर दर रविवारी हाच उद्योग.

डिचोलकर

सगळ्यांना देव बरें करूं. आज फेरभेट झाली. नीट प्रश्न घेऊन गेलो तर डॉक्टरही नीट बोलले. पाठीचा एक्स-रे काढला, मणके शाबूत आहेत. त्यामुळे पेनची गरज नाही, न उघडलेलं होतं तरी दुकानदार परत घेत नाही, तो वेगळा विषय. मूत्रपिंडाची क्षमता ५२ आली. ड जीवनसत्त्व १४, म्हणजे कमी. आधी ते आणि कॅल्शियम वर आणायचं, मग सलाईन.

दोन शंका राहिल्या. आईची एक दाढ हलते. आणि तारीख सोमवारची मिळतेय, तिचा सोमवार असतो, मंगेशाचा. उपास ठेवून चालेल का? ती मोडायला तयार नाही.

हाडाचा_माणूस

दाढ आधी. काढायची असेल तर काढून जखम भरू द्या, मग सलाईन. ह्या औषधांनी जबड्याचं हाड कुजण्याचा प्रकार वर्षातून एकदाच्या डोसला फार दुर्मिळ आहे, पण दात काढणं हे त्याचं मुख्य निमित्त असतं. ड वर यायला थोडे दिवस लागणारच आहेत, तेवढ्यात दाताचं उरकेल. ड कमी असताना सलाईन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी लावलेला क्रम बरोबर आहे.

गोळीबार

सोमवार नकोच. मधुमेह, उपास आणि हे औषध एकत्र नको. त्या दिवशी पोटभर जेवण आणि सलाईनच्या आधी-नंतर पाणी चांगलं प्यायलेलं हवं, मूत्रपिंडासाठी. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी ताप, अंग मोडून येणं बऱ्याच जणांना होतं, दोन-तीन दिवसांत जातं, पुढच्या वर्षी कमी होतं. पॅरासिटामॉल घरात आणून ठेवा. बुधवार-गुरुवार मागून घ्या, म्हणजे सोमवारपर्यंत ती उपासाला मोकळी.